रात्रीचे तारे तरी जागच्या जागी असतात का? (गाया दुर्बीण, आइन्स्टाइन आणि वांगणीत विचारलेला एक प्रश्न)

चांदणवेल (धागाकर्ती)

नोव्हेंबरच्या मध्यावर वांगणीला आकाशदर्शनाला गेले होते, पावसाळा संपला की आमचा ग्रुप दरवर्षी जातोच. रात्री अकराच्या सुमारास रोहिणी चांगली वर आली होती, लालसर, ठसठशीत. आठवी-नववीची पोरं होती बरोबर, त्यांना ती दाखवत होते आणि बोलता बोलता सूर्याजवळून जाणारा प्रकाश वाकतो, २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन वगैरे इंग्रज शास्त्रज्ञ मंडळींनी ते मोजलं, हे सगळं सांगून झालं. तर एक मुलगी म्हणाली, "ताई, सूर्य फक्त ग्रहणातच वाकवतो का? आत्तापण तो आहेच ना, आपल्या पायाखालच्या बाजूला. मग ही रोहिणी खरंच तिथे आहे का, जिथे दिसतेय?"

मी म्हटलं, अगं सूर्यापासून एवढ्या लांबच्या ताऱ्यावर कसला परिणाम होणार. ती गप्प बसली. पण मला ते उत्तर टोचत राहिलं, पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये सगळे पेंगत होते आणि मी मोबाइलवर आकडेमोड करत होते, आणि मुलुंड येईपर्यंत कळलं की मी तिला चुकीचं सांगितलं. परिणाम होतो. आकाशात जवळपास सगळीकडे होतो.

सूर्याच्या कडेला घासून येणारा प्रकाश १.७५ विकला वाकतो (विकला म्हणजे आर्कसेकंद, अंशाचा ३६०० वा भाग). हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण सूर्यापासून ९० अंशांवर, म्हणजे संध्याकाळी सूर्य बुडताना जे डोक्यावर असतं तिथेसुद्धा हे वाकणं ४.०७ मिलिआर्कसेकंद असतं. मिलिआर्कसेकंद म्हणजे विकलेचा हजारावा भाग. शून्य होतं ते फक्त सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला. त्या रात्री रोहिणी सूर्यापासून १६२ अंशांवर होती, म्हणजे साधारण ०.६ मिलिआर्कसेकंद सरकलेली.

हे किती लहान, ते डोळ्यासमोर यावं म्हणून मी असं केलं. मुंबई ते दिल्ली सरळ रेषेत साधारण ११५० किलोमीटर. दिल्लीत कुणीतरी रुपयाचं नाणं हातात धरून उभं आहे आणि आपण मुंबईतून बघतोय, तर ते २२ मिलिमीटरचं नाणं जवळजवळ ४ मिलिआर्कसेकंदाचं दिसेल. आता युरोपियन स्पेस एजन्सीची गाया दुर्बीण घ्या, तिचं उजळ ताऱ्यांचं मोजमाप ०.०२ ते ०.०३ मिलिआर्कसेकंदापर्यंत गेलंय, म्हणजे दिल्लीतल्या त्याच माणसाच्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी. तुम्ही केस मोजायला बसलात आणि वाटेत नाण्याएवढी चूक शिल्लक असेल तर काय मोजणार? म्हणून गायाला आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत रोजच्या हिशोबात घ्यावा लागतो, प्रत्येक ताऱ्याला, प्रत्येक निरीक्षणाला. मला हे फार म्हणजे फारच भावलं. जो सिद्धांत आपण कृष्णविवरं नि विश्वाची सुरुवात असल्या गोष्टींशी जोडतो तो इथे किराणा दुकानातल्या तराजूसारखा वापरात आहे.

धागा यासाठी काढला की इथे गणित आणि डेटावाले लोक आहेत, त्यांनी भर घालावी, आणि पुढच्या वेळी त्या मुलीला नीट उत्तर द्यायचंय.

---

कर्जत_लोकल

मस्त धागा! नाणं आणि केस हे आवडलं, पोरांना सांगायला वापरणार.

एक बाळबोध प्रश्न, यासाठी अंतराळातच का जायचं? हवेमुळे ना?

---

चांदणवेल

हो, हवा तर आहेच. हवेतून तारा थरथरतो, चांगल्या जागेवरूनसुद्धा त्याचा ठिपका साधारण एका विकलेएवढा पसरतो, मुंबईत तर विचारूच नका. शिवाय हवा तारा उचलून दाखवते, क्षितिजावरचा तारा जवळजवळ अर्धा अंश वर दिसतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षाही थोडा जास्त, आणि ४५ अंश उंचीवरचा साधारण १ कला (कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग). खरं तर त्या मुलीला आधी हेच सांगायला हवं होतं, की अगं सूर्याच्या आधी ही हवाच तुला फसवतेय.

पण हवा नसती तरी जमिनीवरून जमलं नसतं, कारण एका जागेवरून अख्खं आकाश एका वेळी दिसत नाही, आणि दुर्बिणीचं धूड स्वतःच्या वजनाने वाकतं, उन्हाथंडीने फुगतं आकसतं. गाया १९ डिसेंबर २०१३ ला फ्रेंच गयानातल्या कौरू इथून गेली आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेला, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर एल-२ बिंदूभोवती फिरत राहिली. तिला दोन दुर्बिणी, दोन वेगळ्या दिशांना बघणाऱ्या, मधला कोन १०६.५ अंश. दोन्हींची प्रतिमा एकाच सीसीडीच्या (म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकत्यांच्या) गालिच्यावर पडते, १०६ सीसीडी, जवळजवळ १०० कोटी पिक्सेल. त्यामुळे आकाशाचे लांब लांबचे तुकडे थेट एकमेकांशी जोडले जातात.

---

शंकासूर

लेख चांगला पण एक शंका. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणानेही प्रकाश वाकतो असं वाचलंय, मग आइन्स्टाइनच हवा असा आग्रह का? थोडीफार दुरुस्ती करून न्यूटनवर भागणार नाही का? आणि दुसरं, ही दुरुस्ती सिद्धांत खरा मानूनच करणार, मग त्याच निरीक्षणांवरून सिद्धांत तपासला असं कसं म्हणायचं, हे म्हणजे आपणच पेपर काढायचा आणि आपणच तपासायचा.

---

आकडेमोड

शंकासूर, दोन्ही शंका रास्त आहेत. मी पवईला डेटाचंच काम करतो, खगोलशास्त्रज्ञ नाही, पण गायाचे पेपर गेली काही वर्षं हौसेने वाचतोय म्हणून लिहितो, जरा लांब होईल.

न्यूटनचं म्हणाल तर १८०१ मध्ये जर्मनीत झोल्डनरने तसा हिशोब केला होता, प्रकाशाला साधा वेगवान कण मानून, आणि त्याचं उत्तर आलं बरोब्बर अर्धं. आइन्स्टाइनचंही १९११ चं उत्तर अर्धंच होतं. १९१५ मध्ये सिद्धांत पूर्ण झाला तेव्हा ते दुप्पट झालं, कारण नुसता वेळ नाही, अवकाशही वक्र आहे हे त्यात आलं. त्या दुसऱ्या अर्ध्या भागासमोर जो आकडा असतो त्याला गॅमा म्हणतात. आइन्स्टाइन बरोबर असेल तर गॅमा १, न्यूटनवर राहिलात तर ०. म्हणजे न्यूटन घेतला तर ९० अंशांवर २ मिलिआर्कसेकंदाची चूक तशीच राहते, गायाच्या अचूकतेच्या शंभरपट. थोडीफार दुरुस्ती नाही भागणार.

आता पेपर तपासण्याचं. गॅमा १ धरूनच चालायचं असं बंधन नाही, तो अज्ञात म्हणून मोकळा सोडता येतो आणि ताऱ्यांनाच विचारता येतं, सांगा तुमच्या मते किती. गायाच्या आधीच्या हिप्पार्कोस उपग्रहाच्या डेटावर हे केलं होतं, १९९७ मध्ये, उत्तर आलं ०.९९७, अधिक उणे ०.००३. आणि हिप्पार्कोसने सूर्याजवळचे तारे बघितलेच नव्हते, सगळं दूरच्या आकाशातून काढलं, म्हणजे वांगणीच्या मुलीचा प्रश्न तेव्हाच मोजून झाला होता. त्यापेक्षा कितीतरी बारीक उत्तर कॅसिनी यानाने दिलं, शनीकडे जाताना, २००२ मध्ये सूर्यापलीकडून रेडिओ सिग्नल पाठवून. गॅमाचा १ पासूनचा फरक एक लाखात दोन-तीन भागांच्या आत.

---

शंकासूर

धन्यवाद आकडेमोड, हे पटलं. मग गायाने गॅमा अजून बारीक काढला असेल ना?

---

आकडेमोड

इथेच खरी गंमत आहे आणि खरी अडचणही, मला या सगळ्यात हाच भाग सर्वात आवडतो.

जवळच्या ताऱ्याचं अंतर काढायचं तर पॅरॅलॅक्स, म्हणजे पराशय, बघतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून तारा वर्षभरात थोडासा हलल्यासारखा दिसतो. नीट चित्र काढून बघा, हे हलणं नेहमी सूर्याच्या दिशेला असतं. आणि प्रकाश वाकल्यामुळे तारा सरकतो तो सूर्यापासून लांब. म्हणजे दोन्ही सरकणी एकाच रेषेवर, उलट सुलट. गॅमामध्ये थोडी चूक झाली तर ती सगळ्या ताऱ्यांच्या पराशयात एक छोटा कायमचा आकडा होऊन बसते, आणि पराशयातली कायमची चूक गॅमासारखी वागते. दोघांना वेगळं काढणं फार अवघड.

त्यात तिसरा भिडू म्हणजे तो १०६.५ अंशांचा कोन. तो अजिबात हलू नये म्हणून दुर्बिणीचा सांगाडा सिलिकॉन कार्बाइडचा, तापमान बदललं तरी जेमतेम फुगणारा, वर मोठी सावली धरणारी छत्री, आणि कोनावर नजर ठेवायला लेझरचं यंत्र. तरीसुद्धा कोन दर सहा तासांच्या फेरीत साधारण एक मिलिआर्कसेकंदाने मागेपुढे होतो असं दिसलं, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त. आणि हे हलणं सूर्याच्या दिशेशी ताल धरून. सूर्याशी ताल धरणारी चूक म्हणजे परत पराशयात मिसळणार.

हे पकडलं कसं? क्वेसार. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं, अब्जावधी प्रकाशवर्षं लांब, त्यांचा पराशय शून्यच यायला हवा. गायाच्या डिसेंबर २०२० च्या यादीत तो सरासरी उणे १७ मायक्रोआर्कसेकंद आला (मायक्रो म्हणजे मिलिचाही हजारावा भाग), त्याआधीच्या २०१८ च्या यादीत उणे २९. म्हणजे चूक आहे, पण किती आहे ते माहीत आहे आणि ती कमी होतेय. चांदणवेलच्या भाषेत दिल्लीतल्या केसाहूनही बारीक. एवढी चूक लपवून न ठेवता छापणारे लोक आहेत म्हणून माझा त्या यादीवर विश्वास आहे.

---

गिरगावकर

आकडेमोड, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. पराशय सूर्याकडे आणि वाकणं सूर्यापासून लांब, हे इतकं साधं सांगता येतं हे माहीत नव्हतं.

मला वेळेबद्दल विचारायचंय. गाया फिरता फिरता तारे बघते, म्हणजे तारा नक्की कुठल्या क्षणी रेषेवरून गेला हेच तिचं मोजमाप असणार. मग घड्याळ कुणाचं धरायचं? सापेक्षतेत तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं.

आमच्या घरात हा प्रश्न फार जुना आहे. माझे आजोबा चाळीत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून विचारायचे, हा मुंबई टाइम का स्टँडर्ड टाइम? देशात १९०६ पासून स्टँडर्ड टाइम आला तरी मुंबईने आपला टाइम १९५५ पर्यंत सोडला नव्हता, तो ३९ मिनिटं मागे असायचा. लग्नाच्या पत्रिकेवर कुठला टाइम ते छापलं नाही तर निम्मी वऱ्हाडी मंडळी अक्षता पडल्यावर पोचायची, असं आजी सांगायची. तेव्हा दोन घड्याळं असली तरी त्यांच्यातला हिशोब पक्का होता. इथे काय करतात?

---

आकडेमोड

काका, किती नेमकं उदाहरण. फरक एवढाच की मुंबई टाइम नि स्टँडर्ड टाइम एकाच वेगाने चालायचे, फक्त ३९ मिनिटं पुढेमागे. इथे घड्याळांचा वेगच वेगळा.

गायावर रुबिडियमचं अणुघड्याळ आहे, ते स्वतःचा वेळ सांगतं. पण ताऱ्यांची यादी ज्या चौकटीत लिहायची तिचा मध्य सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर, आणि तिथला वेळ असा समजायचा की सूर्य नि ग्रहांच्या गुरुत्वाचा त्याच्यावर काही परिणामच नाही. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २००० साली ही चौकट व्यापक सापेक्षतेच्या भाषेत नीट बांधून दिली. त्या वेळेच्या मानाने पृथ्वीवरचं घड्याळ वर्षाला जवळजवळ अर्धा सेकंद मागे पडत जातं.

अर्धा सेकंद म्हणजे काय ते बघा. गाया सहा तासांत एक फेरी घेते, म्हणजे आकाश तिच्यासमोरून सेकंदाला ६० विकला वेगाने सरकतं. अर्ध्या सेकंदात ३० विकला! एक मायक्रोसेकंद चुकला तरी ६० मायक्रोआर्कसेकंदांची चूक, केसापेक्षा जास्त. सीसीडीतसुद्धा तारा एका जागी थांबत नाही, तो सरकतो त्याच वेगाने त्याने गोळा केलेला विद्युतभार पिक्सेलमधून पुढे ढकलत नेतात, एक सीसीडी ओलांडायला साधारण ४.४ सेकंद. म्हणून काका तुम्ही म्हणालात ते अगदी बरोबर, गायाचं मूळ मोजमाप कोन नाही, वेळ आहे.

आणि हिशोब उलटा चालतो. ताऱ्याची जागा अंदाजे धरायची, मग पराशय, मग सूर्य-गुरू-शनी वगैरेंनी किती वाकवलं, मग गायाच्या वेगामुळे दिशा किती बदलली, मग गायाचं तोंड कुठे होतं, अशी पायरी पायरीने खाली येत शेवटी सांगायचं की तारा अमुक क्षणी अमुक सीसीडीवर यायला हवा. प्रत्यक्ष कधी आला ते बघायचं. फरक पडला की ताऱ्याची जागा, गायाचं तोंड, यंत्राचे आकडे सगळं थोडं थोडं सुधारायचं आणि परत सुरुवात. कोट्यवधी ताऱ्यांना, परत परत.

या वाकण्याच्या पायरीसाठी दोन स्वतंत्र मॉडेल आहेत, एक ड्रेस्डेनच्या क्लिओनरचं, दुसरं इटलीत तोरिनोला तयार झालेलं. मुद्दाम दोन, दोन वेगळ्या वाटांनी जाऊन एकच उत्तर येतं का बघायला. शंकासूर, पेपर दोघांनी तपासण्याची सोय अशी केलेली आहे.

---

पार्लेकर

+१ सगळ्यांना. बऱ्याच दिवसांनी इथे असा धागा वाचला.

गुरू-शनीही वाकवतात म्हणालात, ते किती? काल गच्चीतून गुरू बघत होतो, एवढासा तर दिसतो.

---

चांदणवेल

गुरूच्या कडेला अगदी घासून गेला तर १६ मिलिआर्कसेकंद, शनीच्या कडेला सहाच्या आसपास, आपल्या पृथ्वीच्या कडेला अर्ध्याहून थोडं जास्त. म्हणजे गुरूजवळून जाणारा तारा त्या दिल्लीच्या हिशोबात चार नाणी सरकतो. पण गुरूचा परिणाम त्याच्यापासून थोडं लांब गेलं की झपाट्याने संपतो, सूर्याचा मात्र आकाशभर.

आणि गुरू जागेवर थांबत नाही ना, प्रकाश त्याच्या जवळून गेला तेव्हा गुरू कुठे होता ते धरावं लागतं, गायापर्यंत प्रकाश पोचला तेव्हाचा गुरू चालत नाही. शिवाय गुरू चपटा आहे, स्वतःभोवती दहा तासांत फिरतो म्हणून मध्यावर फुगलेला, तर त्या चपटेपणानेही प्रकाश थोडा वेगळा वाकायला हवा. ते पकडायला फेब्रुवारी २०१७ मध्ये गायाचं फिरणं आधीपासून असं जुळवून ठेवलं होतं की गुरूच्या अगदी कडेला आलेला एक उजळ तारा पुन्हा पुन्हा तिच्या नजरेत यावा. काही वर्षं आधी ठरवायचं की अमुक दिवशी माझं तोंड इकडे असेल, हे वाचून मी थक्क झाले.

---

कर्जत_लोकल

वेगामुळे दिशा बदलते म्हणालात ते ॲबरेशन ना? पावसात लोकलच्या खिडकीवर दिसतं ते?

---

चांदणवेल

हो तेच. जुलैत बदलापूरच्या पुढे गाडी उभी असेल तर खिडकीच्या काचेवर थेंबांच्या रेघा उभ्या. गाडी सुटली की त्या हळूहळू तिरक्या होत जातात आणि पूर्ण वेगात जवळजवळ आडव्या. पाऊस तोच, तुम्ही हललात. तारे तसेच. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते म्हणून सगळे तारे वर्षभरात २०.५ विकलांपर्यंत पुढच्या दिशेला झुकलेले दिसतात. इंग्लंडच्या ब्रॅडलीला हे १७२८ मध्ये उमगलं, तो शोधत होता पराशय आणि हाती लागलं हे. पराशय सापडायला पुढे १८३८ उजाडलं, बेसेलला.

२०.५ विकला म्हणजे केसाच्या मानाने प्रचंड, म्हणून गायाचा स्वतःचा वेग सेकंदाला दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत माहीत असावा लागतो. मुंगीसुद्धा याहून जोरात चालते! त्यासाठी चिलीतल्या नि ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणी रात्री गायालाच शोधायच्या, ताऱ्यांमध्ये हलणारा एक फिका ठिपका. अपेक्षा होती तो १८ व्या प्रतीचा दिसेल, निघाला २१ व्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका ठिपका फिका), तरीही त्यांनी तो शोधत ठेवला. ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या दुर्बिणीची जागा इतर दुर्बिणी त्याच ताऱ्यांच्या मदतीने मोजतायत.

---

शंकासूर

सगळं मान्य. पण मग या केसाच्या जाडीतून हाती काय लागलं? १८० कोटी ताऱ्यांची यादी झाली, पुढे?

---

आकडेमोड

खूप काही, पण मी एकच सांगतो कारण ते वरच्या लोकलच्या खिडकीला जोडून आहे.

आपली सूर्यमाला आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरते, एका फेरीला वीसेक कोटी वर्षं. त्या वेगामुळेही सगळं आकाश तिरकं दिसतच असणार, पण ते आपल्याला कळायला मार्ग नाही, कारण गाडी उभी असताना पाऊस कसा पडत होता हे कुणी पाहिलेलंच नाही. सगळ्या मानवजातीचा जन्म चालत्या गाडीतला. पण गाडी जर वेग किंवा दिशा बदलत असेल तर रेघांचा तिरकेपणा बदलत जाणार, आणि तो बदल मोजता येतो.

गायाने तो मोजला. सुमारे १६ लाख क्वेसारांवरून, डिसेंबर २०२० च्या यादीबरोबर. क्वेसार वर्षाला ५.०५ मायक्रोआर्कसेकंद इतके आकाशगंगेच्या मध्याकडे, धनु राशीकडे, वाहत चालल्यासारखे दिसतात. दिल्लीच्या केसाचा चौथा हिस्सा, वर्षाला. त्यावरून सूर्यमालेचा प्रवेग निघाला, आपला वेग दर वर्षी सेकंदाला फक्त ७ मिलिमीटरने बदलतोय. गाडी वळण घेतेय हे खिडकीच्या काचेवरून कळलं! मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री दोन वाजता बायकोला उठवून सांगितलं होतं.

बाकी तुम्हाला शोधच हवा असेल तर गाया बीएच-३ शोधा, सूर्याच्या ३३ पट वस्तुमानाचं कृष्णविवर, गरुड तारकासमूहात, दोन हजार प्रकाशवर्षांच्या आसपास, २०२४ मध्ये जाहीर झालं. एक साधा तारा कुणाभोवती तरी डुलतोय एवढ्यावरून सापडलं.

---

शंकासूर

रेघा बदलण्याचं वाचून अंगावर काटा आला. शंका मिटली.

---

पार्लेकर

गाया अजून चालू आहे का?

---

आकडेमोड

नाही. दुर्बीण फिरवायला लागणारा थंड वायू संपत आला म्हणून १५ जानेवारी २०२५ ला निरीक्षणं थांबवली आणि २७ मार्च २०२५ ला ती कायमची बंद केली, आधी एल-२ पासून लांब नेऊन, म्हणजे पुढच्यांच्या वाटेत नको. पण सगळ्या निरीक्षणांचा हिशोब अजून व्हायचाय. पहिल्या साडेपाच वर्षांवरची यादी डिसेंबर २०२६ मध्ये काढायचं ठरलंय आणि पूर्ण डेटाची त्यानंतर. गॅमाचं उत्तर मला त्यातून हवंय.

---

गिरगावकर

चांदणवेल, त्या मुलीला काय सांगणार मग? आठवीच्या पोरीला गॅमा नि चौकटी सांगून चालणार नाही.

---

चांदणवेल

काका, तोच विचार करत होते, आणि आज दुपारी जमलं असं वाटतंय. तिने रोहिणीबद्दल विचारलं होतं, म्हणून सांगायचं ते रोहिणीबद्दलच.

सूत्र एका ओळीचं आहे. सूर्य आणि तारा यांच्यातला कोन घ्यायचा, निम्मा करायचा, त्याचा कोटँजंट काढायचा, ४.०७ ने गुणायचं. आलं उत्तर मिलिआर्कसेकंदात. त्रिकोणमिती तिला अजून आली नसेल पण कॅलक्युलेटर तर येतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला रोहिणी सूर्याच्या जवळजवळ समोर, कोन १७४ अंशांच्या वर, सरकणं जेमतेम ०.२. वर्षात रोहिणी सगळ्यात जागच्या जागी असते ती तेव्हा. मग हिवाळा जातो, सूर्य तिच्याकडे सरकत येतो, एप्रिलच्या मध्यावर कोन ४५ अंश आणि सरकणं ९.८. आणि मग मे महिन्याची अखेर. आपल्या पंचांगात २५ मे च्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, गावाकडे माझे मामा अजून म्हणतात रोहिणी लागली, आता मृगाची तयारी. आणि महिना संपता संपता सूर्य रोहिणीच्या ताऱ्यापासून फक्त साडेपाच अंशांवर असतो. उत्तर येतं ८५ मिलिआर्कसेकंद. तिचा पराशय ४९ च्या आसपास आहे, म्हणजे अंतरामुळे ती जेवढी हलते त्यापेक्षा जास्त ती मे अखेर सूर्यामुळे ढकलली जाते, आणि तेव्हा भर उन्हात ती कुणाला दिसतही नाही. (गायाने रोहिणी मोजली असं मात्र सांगायचं नाही, ती गायासाठी फारच झगझगीत, शिवाय गाया सूर्याच्या ४५ अंशांच्या आत बघायचीच नाही. रोहिणीचं अंतर हिप्पार्कोसचं.)

म्हणजे तिचा प्रश्न बरोबर होता आणि मी चुकीचं सांगितलं, हे आधी तिला सांगणार. मग कागदावर रोहिणीच्या वर्षाचा आलेख काढायचा, आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर मिलिआर्कसेकंद. डिसेंबर, एप्रिल आणि मे मी भरून नेईन. मार्चची जागा रिकामी ठेवलीय. १ मार्चला रोहिणी सूर्यापासून ८९ अंशांवर असते एवढंच सांगायचं आणि कॅलक्युलेटर तिच्या हातात द्यायचा.